तिला मिळालेली बढती

घाटकोपरच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसलेली. म्हाताऱ्या आईला बिस्किटाचे तुकडे करून भरवत होती. नाव विचारायचं राहिलं, पण काम विचारलंच मी. मेंदूत आठवण कशी टिकते, त्यावर संशोधन करते म्हणाली.

"कशी टिकते गं?"

"आजी, आठवण धरून ठेवणारी मेंदूतली प्रोटीनं थोड्या दिवसांत झिजतात. पण एक प्रोटीन दुसऱ्याला जागेवर धरून ठेवतं. जुनं गेलं की तिथंच नवं येतं, म्हणून आठवण राहते."

"म्हणजे आमचं भजनी मंडळच. पेटीवाल्या बदलल्या, भजन तेच."

"हे मी आमच्या सरांना सांगते," ती हसली.

तेवढ्यात आई तिच्यावर खेकसली, "ताई, माझी बाहुली दे."

"घरी गेल्यावर देते गं."

मी आईकडे बघितलं, मग तिच्याकडे. तीच म्हणाली, "मी तिची मुलगी आहे हे विसरलीय ती. मागच्या आठवड्यात मी भांडीवाली होते. साबण फार लावते म्हणून कामावरून काढलं मला. आता ताई झालेय. बढतीच ना, आजी?"

नंबर लागला. आई उठेना.

"ताई, तू येशील ना आत?"

"मी कुठं जातेय?"