कुरव आणि कोंबड्या

आमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मर लागली त्या माघात पाण्यावर कुरव फार होते.

दौंड तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, भीमेच्या काठी आमचं घर आहे. पावसाळ्यात धरणाचं पाणी फुगून आमच्या उसाच्या बांधाला लागतं आणि हिवाळा सरत आला की हळूहळू खाली जातं. मागे चिखलाचा रुंद पट्टा राहतो, त्यावर पाखरं उतरतात. लग्न होऊन इथं आले तेव्हा पाखरं म्हणजे ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्या, एवढंच मला ठाऊक होतं. माझं माहेर निमोण्याचं. तिथं पाखरांना दगड मारायचा असतो, त्यांच्याकडे बघत बसायचं नसतं.

बघायला मला बाईंनी शिकवलं. बाई दौंडच्या एका शाळेत शिकवायच्या, मग निवृत्त झाल्या. नवरा रेल्वेत होता, तो वारला होता. मूलबाळ नव्हतं. साडीवर कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण आणि हातात छत्री, अशा त्या एकदा सकाळी आमच्या दारात पाणी मागायला उभ्या राहिल्या. मी पाण्याबरोबर गूळ दिला. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत त्या आल्या की आमच्याकडे टेकल्याशिवाय पुढं जात नसत.

त्यांचं सगळं लक्ष कुरवांवर. समुद्रावरचं पाखरू हे. अंग पांढरं, पाठ राखाडी, चोच आणि पाय लाल. बाई मूळच्या कोकणातल्या, अगदी समुद्राकाठच्या.

"आमच्या दारापर्यंत यायचे हे," त्या सांगायच्या. "आई मासळी साफ करायला बसली की हातातलं हिसकून न्यायचे. लग्न करून मी दौंडला आले आणि सगळं कोरडं झालं. मग एके हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं, धरणाच्या पाण्यावर पांढरी पाखरं आलीत. आले बघायला, तर हेच."

"समुद्र सोडून हितं कशाला येत्यात?" मी विचारलं होतं.

"समुद्र तरी त्यांचा कुठे आहे? हिमालयाच्या पलीकडे तळी आहेत, तिथलं त्यांचं घर. थंडीपुरते इकडे येतात, काही समुद्रावर, काही इथे. आपण उगाच म्हणतो, आमचे म्हणून."

पुढं त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. काठावर गेलो की दुर्बीण त्या माझ्या गळ्यात घालायच्या आणि मी बघून सांगायचं असं ठरलं. नुसतं "पांढरी पाखरं हायेत" म्हटलं की त्या रागवायच्या. "डोकं कसं आहे ते सांग. कानामागे ठिपका आहे की सगळं डोकं रंगलंय?" माघ सरता सरता कुरवांची डोकी तपकिरी व्हायला लागतात. डोकी रंगली की त्यांची परत जायची तयारी झाली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कुठला रंगला, कुठला अजून पांढरा, असं मी एकेक सांगत जायची आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. घरची धुणीभांडी, शेडमधलं खाद्यपाणी उरकून तासभर मी त्यांच्याबरोबर चिखलाच्या कडेला बसायची. आमच्या ह्यांना ते आवडायचं नाही, पण पाहुण्या बाईसमोर बोलायचे नाहीत.

त्या माघात एका सकाळी मी शेडचे पडदे वर करायला गेले तर दाराजवळच्या कोंबड्या आडव्या पडलेल्या. तुरे निळे-काळे झालेले. कंपनीची पिल्लं आम्ही वाढवायचो. मर थोडीफार नेहमीच असते, पण ही तसली नव्हती. दुपारपर्यंत कोपरे भरले. ह्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला, मग सरकारी डॉक्टर आले, नमुने घेऊन गेले. अहवाल येईपर्यंत आम्ही मेलेल्या कोंबड्या गोळा करत होतो आणि जिवंत कोंबड्यांना पाणी देत होतो. दुसरं काय करणार?

अहवाल आला, बर्ड फ्लू. गावाच्या वेशीवर आडवा बांबू लागला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं गाड्यांतून उतरली. जेसीबीनं शेडच्या मागं खड्डा काढला. साखर कारखान्याची मळी सुटली होती, पाटसकडून तो उग्र वास वाऱ्यावर येत होता, त्यात चुन्याचा वास मिसळला. शेडला स्वतःचा एक आवाज असतो, चोवीस तास चालणारा. आम्ही त्या आवाजात झोपायचो, जेवायचो. संध्याकाळी तो थांबला तेव्हा ह्यांनी दोन्ही कानांत बोटं घालून बघितलं, जणू कानालाच काही झालं होतं.

मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी ती माणसं परसात आली. माझ्या गावरान कोंबड्या होत्या, आईनं निमोण्याहून दिलेल्या कोंबडीची सगळी पैदास. एक डाल्याखाली अंड्यावर बसली होती.

"ह्यांना काय झालं न्हाई," मी म्हटलं. "बघा की, चांगल्या हायेत."

त्यांच्यातली डॉक्टर पोरसवदा होती. मास्कच्या वर तिचे डोळे लाल झालेले दिसत होते. "काकू, ह्या हद्दीत एकही पक्षी ठेवता येत नाही. मलाही बरं वाटत नाहीये."

"खुडूक हाय ती. अंडी फुटायला आलीत."

तिनं स्वतः वाकून डालं उचललं. कोंबडी पंख फुगवून तिच्या हातमोज्याला टोचत राहिली. अंडीसुद्धा नेली.

पुढचे दिवस सगळ्यांच्याच घरी वाईट होते. यवतला ह्यांच्या मामेभावाचा ढाबा आहे, त्यानं पाटीवरची चिकनची ओळ खोडली. गावात दुसऱ्यांच्या शेडमधल्या, ज्याच्या त्याच्या परसातल्या कोंबड्या गेल्या आणि सगळे आमच्या शेडकडे बघायचे. मग कुणीतरी म्हणालं की हा रोग पाण्यावरच्या पाखरांनी आणला. ते सगळ्यांना पटलं, आम्हालाही. पाखरांवर राग धरला की माणसावरचा थोडा कमी होतो. माणसं काठावर जाऊन सुतळी बॉम्ब लावायला लागली. मी त्या डॉक्टरला विचारलं होतं. ती म्हणाली, पाखरांनी आणला असेल, खाद्याच्या गाडीनं आणला असेल, क्रेटमधून आला असेल. सांगता येत नाही. तिनं सांगितलेलं कुणी ऐकून घेतलं नाही.

वेशीवरचा बांबू निघाला तशा बाई आल्या. या वेळी पाखरांसाठी नव्हत्या आल्या. गळ्यात दुर्बीण नव्हती, हातात केळी होती. रिक्षावाल्यानं त्यांना हाताला धरून ओट्यापर्यंत आणलं. हे ओट्यावरच बसले होते.

"पेपरात आलं ते शेजारणीनं वाचून दाखवलं," बाई म्हणाल्या. "काय बोलावं तेच कळत नाही मला."

"बोलायचं काय ऱ्हायलंय, बाई?" हे म्हणाले. "तुमच्या पाखरांनी आमची वाट लावली. तुम्ही कवतिक करायला येता, आन् आमची ही तुमच्या मागं मागं चिखलात जाती. त्याच पायानं शेडात शिरली आसंल."

मी शेडच्या दारात चपला बदलायची. जंतू मारायच्या पोटॅशच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कधी आत गेले नाही. ते ह्यांना माहीत होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

"तसं असेलही," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणू शकत नाही." केळी ओट्यावर चाचपून ठेवली आणि उठल्या. "येते मी."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला निघाले. वाटेत काठाकडे बॉम्ब फुटला. एकामागून एक तीन-चार आवाज झाले. बाई जागच्या जागी थांबल्या आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या.

"उठले का?"

"उठले."

"सगळे?"

"सगळे. पाणी रिकामं झालं."

"परत बसतायत?"

मी थोडं थांबून बघितलं. पांढरा थवा एकदा वळला, पुन्हा वळला आणि नगर जिल्ह्याच्या काठाकडे बारीक होत गेला. "न्हाई बाई. पल्याड चाललेत."

त्यांनी मान हलवली. रिक्षात बसताना पायरी त्यांना सापडेना, मी त्यांचा पाय धरून पायरीवर ठेवला. मला काही बोलायचं होतं. ह्यांच्या वतीनं माफी मागावी की ह्यांची बाजू घ्यावी, मला ठरवता आलं नाही. रिक्षा गेली.

होळी झाल्यावर मी दौंडला त्यांच्या घरी गेले. ह्यांना सांगूनच गेले. ते नको म्हणाले नाहीत. रुळांच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या होत्या. दार उघडून त्या माझ्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मला कळलं की नजर गेली आहे.

"फक्त उजेड कळतो," त्या म्हणाल्या. "माणूस कळत नाही. मला एकदा नेशील का ग? धाकटी बहीण मला गावी न्यायला येणार आहे. मग होणार नाही."

आम्ही रिक्षा केली. काठावर पोचेपर्यंत उन्हं चढली होती. पाणी आणखी मागं गेलेलं, चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. मी त्यांना कडेच्या दगडावर बसवलं.

"आहेत का?"

मी बघत राहिले. पाण्यावर पाकोळ्या खालून खालून उडत होत्या. लांब एक टिटवी ओरडत होती. कुरव एकही नव्हता. डोकी रंगून झाली होती आणि ते निघून गेले होते. आहेत म्हणून सांगणं सोपं होतं. कुठला रंगला, कुठला पांढरा, मला सगळं पाठ होतं. पण कुरवांचा आवाज येत नव्हता, हे बाईंना कळतच होतं.

"न्हाईत," मी म्हटलं. "गेली सगळी."

"हं. फाल्गुन सरत आला ना." त्यांनी पाण्याकडे तोंड करून वास घेतला. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं आले मी इथे. पाणी तसंच दिसायचं, पाखरं तीच. पण खारा वास नाही. ते मला कधी पटलंच नाही बघ."

मी त्यांचा हात धरून बसले. मला माझ्या अंड्यांवरच्या कोंबडीचं सांगायचं होतं. सांगितलं. त्या ऐकत होत्या. नेहमी कुरवांचं ऐकायच्या तशाच, डोळे मिटून. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तिनं टोचलं ते बरं केलं."

त्या कोकणात गेल्या. अधूनमधून त्यांचा फोन यायचा, कधी मी करायची. बोलणं जेवलात का, पाऊस झाला का, एवढंच असायचं. समुद्र ऐकू येतो का म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "येतो, पण झोप मोडतो."

आम्ही पुन्हा पिल्लं आणली नाहीत. शेडमध्ये आता कडबा आणि कांदा असतो. हंगामात हे उसाचा ट्रॅक्टर पाटसला घेऊन जातात, रात्री-अपरात्री येतात. गावातल्या इतरांनी आपापली शेड पुन्हा भरली. गाव सगळं विसरलं. फटाकेही कुणी लावत नाही; उलट सुट्टीला पुण्याची माणसं येतात, होडीतून कुरवांना शेव-फरसाण टाकतात आणि फोटो काढतात.

यंदा श्रावणात बाईंच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाल्या. मी फोन ठेवला तेव्हा हे जेवत होते. सांगितलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"मी त्या दिवशी तसं बोलाया नगं व्हतं, न्हाई?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. व्हय म्हणावं तर आता त्याचा उपयोग नव्हता. न्हाई म्हणावं तर खोटं झालं असतं. मी ताटात आमटी वाढली. तेवढ्यात शेतीची लाईट आली, तसे ते हात धुऊन मोटर चालू करायला गेले. ताट तसंच राहिलं.