कोच डगचा बॅनर

रिंकच्या, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानाच्या, कॅफेत दोन तट पडले होते. खिडकीकडचे म्हणत होते, बॅनर लागलाच पाहिजे. काउंटरकडचे म्हणत होते, लावून तर बघा. मी मधल्या टेबलावर बसून चिप्स खात होतो, कारण चिप्स फॅन क्लबतर्फे होत्या.

मी आइस हॉकी टीमच्या स्केट्सना धार लावतो. स्केट म्हणजे खाली पोलादी पातं असलेला बूट. पातं लांबून सपाट दिसतं, पण त्याच्या पोटातून एक बारीक खोबण जाते, म्हणून एका पात्याला दोन धारा असतात. खोबण खोल असली की स्केट बर्फाला घट्ट धरतो, उथळ असली की सुळकन पळतो. कुणाला कशी लागते ते माझ्या हाताला ठाऊक आहे. शाळा मी चौथीत सोडली. वडील कराडला न्हाव्यांच्या वस्तऱ्यांना आणि शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावायचे, मी चाक फिरवायचो. बायको नर्स म्हणून इथे विलायतेत हॉस्पिटलात आली, तिच्यामागून मी आलो. रिंकवर नोकरी मागायला गेलो तर मॅनेजरनं सर्टिफिकेट मागितलं. मी त्याच्या टेबलावरची बोथट कात्री उचलून आत गेलो, थोड्या वेळानं परत आणून दिली आणि म्हटलं, काप. त्यानं स्वतःचा टाय कापला. मुद्दाम नाही, पण कापला.

तर बॅनर. आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव कापडावर लिहून रिंकच्या छताला टांगतात. एकदा वर गेलं की ते कायमचं आपलं. प्रश्न कोच डगचा होता. डग कॅनडाचा. वर्षानुवर्षं टीम त्याच्या हातात होती, लीग त्यानंच जिंकून दिली. पण माणूस म्हणजे उकळती किटली. रेफरीवर ओरडायचा, खेळाडूंवर ओरडायचा, पॉपकॉर्नच्या मशीनवरही ओरडायचा. एका मॅचला त्यानं खेळाडूंच्या बाकाचं दार उपटून बर्फावर फेकलं, तेव्हा क्लबनं त्याला घरी पाठवलं. फॅन्सनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर टीम हरायला लागली. टीम हरायला लागली की जुना कोच चांगला वाटायला लागतो, हा जगाचा नियम आहे.

फॅन क्लबचा प्रेसिडेंट स्टीव्ह, धंद्यानं प्लंबर. तो म्हणाला, "डगसारखं काळीज कुणाचं होतं? आत्ताचा कोच टॅब्लेटवर बोटं फिरवत बसतो."

लिंडा उभी राहिली. लिंडा पहिल्या रांगेत बसून मॅच बघते, बघता बघता विणते. तिचा मुलगा रायन आमचा डिफेन्समन होता. त्याच्या हातून एकदा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, निसटला आणि गोल झाला. डगनं त्याला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "तुझ्यापेक्षा तिथे खांब उभा केला असता तर बरं!" लोक खो खो हसले. पुढे कितीतरी मॅचेस रायन बर्फावर आला की कोणीतरी 'खांब, खांब' ओरडायचं. सीझन संपल्यावर त्यानं खेळ सोडला.

"डग ओरडला ते एकवेळ ठीक," लिंडा म्हणाली. "पण तुम्ही हसलात. स्टीव्ह, तू हसला होतास. मला आठवतंय."

स्टीव्ह चहात बघू लागला.

फॅन क्लबचा सेक्रेटरी केतन माझ्या शेजारी होता. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअरमधला, मिल्टन कीन्सचे सगळे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, पार करून मॅचला येतो. तो हळूच म्हणाला, "जगूकाका, तुम्ही बोला. तो सगळ्यात जास्त तुमच्यावर ओरडलाय."

"मी पण कमी ओरडलो नाही," मी म्हटलं आणि उठलो.

मी त्यांना खंडेनवमीचा किस्सा सांगितला. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. वर्षभर राबलेलं हत्यार त्या दिवशी हळदकुंकू लावून ठेवायचं, चालवायचं नाही. मी आदल्या दिवशी सगळ्या टीमचे स्केट्स करून ठेवले होते. पिनरला जाऊन देशी दुकानातून झेंडूची फुलं आणून धारेच्या मशीनला वाहिली होती. दुपारी डग गोलकीपरचा स्केट घेऊन आला. प्रॅक्टिसमध्ये पात्याला खाच पडली होती.

"धार लाव. संध्याकाळी मॅच आहे."

"आज मशीन चालणार नाही."

"कोण म्हणतो?"

"माझा बाप."

"कुठाय तो?"

"वर."

डग पेटला. तो इंग्रजीत ओरडायचा, मी मराठीत. दोघांनाही सगळं कळायचं. त्यानं हातातला ग्लोव्ह फेकला, तो मशीनला लागला आणि फुलं खाली पडली. मी त्याला बाहेर ढकललं आणि आतून खोलीचं शटर खाली ओढलं. अख्खी टीम कॉरिडॉरमध्ये उभी राहून ऐकत होती. डग शटरवर बुक्के मारत होता. मग थांबला. आणि शटरच्या फटीतून काहीतरी सरकत आत आलं. त्याची शिट्टी.

"हे माझं हत्यार," बाहेरून आवाज आला. "हे पण ठेव त्याच्याजवळ."

"आणि सॉरी?" मी विचारलं.

"सॉरी!" इतक्या जोरात ओरडला की मला वाटलं आता शटर फाटतंय.

मी फुलं परत वाहिली, शिट्टीला कुंकू लावलं. मशीन काही चालवलं नाही. गोलकीपर जुन्या स्केट्सवर खेळला आणि आम्ही जिंकलो. मग डग प्रत्येक मॅचआधी येऊन म्हणायला लागला, ते लाल पावडरचं कर. मी म्हटलं, वर्षातून एकदाच असतं ते, औषधाची गोळी नाही ती. पण पुढे दर खंडेनवमीला तो शिट्टी घेऊन यायचा. प्रसाद म्हणून डोनट्स आणायचा.

कॅफेत लोक हसले. स्टीव्हनं टेबलावर हात मारला. "बघा! असा होता आमचा डग!"

"म्हणजे तुला तो सॉरी म्हणाला," लिंडानं मला विचारलं.

"हो."

"आणि माझ्या मुलाला?"

मी म्हटलं, "नाही."

स्टीव्ह म्हणाला, "जॅग, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"मी शटरच्या बाजूचा. सॉरी आल्याशिवाय वर जात नाही. बॅनरची दोरी माझ्या खोलीतून वर जाते आणि माझ्या खोलीत माझ्या परवानगीशिवाय कोणी येत नाही. रायनला सॉरी म्हटलं तर मी दोरी ओढीन. नाहीतर बॅनरच्या उशा शिवा."

"हा ब्लॅकमेल आहे!"

"तू काहीही नाव दे."

केतननं कपाळावर हात मारला. पण शनिवारी मला गाडीत घालून क्रॉयडनला घेऊन गेला तोच. डग तिथे मुलीकडे राहतो. गुडघा बदललेला, मांडीवर मांजर. मला बघून त्याचा चेहरा खुलला. मी बसायच्या आतच विषय काढला.

"कोण रायन?" तो म्हणाला.

"खांब."

त्यानं मांजर खाली ठेवलं. "त्याच्या स्केट्सना धार तूच लावली होतीस! म्हणून पक निसटला!"

"माझ्या धारेला नाव ठेवशील तर दुसरा गुडघा मी बदलीन!"

मग आमचं जे जुंपलं! स्वयंपाकघरातून त्याची मुलगी ओरडली, "डॅड, ब्लड प्रेशर!" केतन बिस्किटाची बशी धरून भिंतीला चिकटून उभा होता.

दोघांचाही दम संपला. डग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पोरगा चांगला होता. फक्त घाबरायचा. मला वाटलं, ओरडलो की भीती जाईल."

"गेली?"

"पोरगा गेला."

आम्ही चहा प्यायलो. निघताना मी म्हटलं, "फोनवर नको. सगळ्यांसमोर बोलला होतास, सगळ्यांसमोरच म्हण."

"मला शिकवू नकोस," डग म्हणाला. म्हणजे हो.

बॅनरच्या दिवशी रिंक भरला होता. बर्फावर कार्पेट टाकलं होतं, डग काठी टेकत मधोमध आला. स्टीव्हनं त्याला माइक दिला. लोकांना वाटलं, आता लीग जिंकल्याच्या गोष्टी. मी शटर वर करून दोरीपाशी उभा होतो. दोरी हातात, पण ओढलेली नव्हती.

"रायन कुठाय?" डगनं विचारलं. "खाली ये."

रायन आईशेजारी पहिल्या रांगेत होता. आता तो डिलिव्हरी व्हॅन चालवतो, पोट सुटलंय. तो आला.

"मी तुला खांब म्हणालो होतो," डग म्हणाला. माइक असूनही ओरडतच होता. "ते चूक होतं. सॉरी. आणि हे सगळे हसले होते, ती त्यांची चूक. त्यांचं त्यांनी बघावं."

मग स्टीव्ह उठला, टोपी काढून म्हणाला, "सॉरी, रायन." मागून आणखी एक आवाज आला, मग बरेच आले.

रायनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानं माइक घेतला. "कोच, एक सांगू? गोलचा खांब पण पक अडवतो. मी पण बरेच अडवले होते."

"मोजले होते मी," डग म्हणाला. "तेव्हा सांगायला पाहिजे होतं." दोघांनी हात मिळवले. लिंडानं विणकाम मांडीवर ठेवलं, डोळे पुसले, मग माझ्याकडे वळून बोट वर केलं. ओढ.

मी दोरी ओढली. बॅनर वर गेला, उलगडला, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत माइकमधून आवाज आला.

"जॅग! डावी बाजू खाली आलीय! डोळे आहेत की खाचा?"

"तुझं नावच जड आहे!" मी शटरमधून ओरडलो. मराठीत. त्याला कळलं.

सगळा रिंक उभा राहिला. इतक्या टाळ्या लीग जिंकल्यावरही पडल्या नव्हत्या.

यातून मी एवढंच शिकलो की एखाद्याचं बरंवाईट ठरवायचं असेल तर तो जिवंत असताना, त्याला समोर उभं करून ठरवावं. म्हणजे सॉरीही म्हणता येतं आणि उलटून ओरडताही येतं. टीमचं म्हणाल तर ती त्या दिवशीही हरली. बॅनर अजून डावीकडे वाकडा आहे. सरळ कर म्हणून सगळे मागे लागलेत, डग तर दर आठवड्याला फोन करतो. मी करणार नाही.