सगुणबाबांचं यॉन्डर

डिचोलीच्या कचेरीबाहेर, बदामाच्या झाडाखाली, सगुण पेडणेकर टाइपरायटर मांडून बसतो त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. अर्ज लिहिण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सांगण्याचे कष्ट पडत नाहीत. साधं लिहिलं तर साहेब आपल्यालाही साधाच समजतो, हे त्याचं तत्त्व.

त्याचे मामा मुंबईला एका वकिलाकडे कारकून होते. त्यांच्या जुन्या कागदांतून सगुणने एक इंग्रजी शब्द उचलला: यॉन्डर. अर्थ एवढाच, की 'ते बघा, तिकडे पलीकडे'. हा शब्द बोलणाऱ्याने उभं राहून हात लांब करायचा आणि ऐकणाऱ्याने मान वळवायची, अशी त्याची रीत. इंग्रजांनीही तो आता कवितेपुरताच ठेवलाय. सगुणने मात्र त्याला डिचोलीत आणून कामाला जुंपलं. कुणाचं घर, कुणाची विहीर, कुणाची मोडलेली पायवाट, सगळं काही यॉन्डर! एवढा भारी शब्द आल्यावर घरनंबर आणि वाड्याचं नाव घालणं त्याला कमीपणाचं वाटे. ते पोस्टमनने बघावं.

मये गावच्या शेवंतीला घरी नळ हवा होता. नवरा गेल्यापासून ती चढावरच्या घरात एकटी, आणि पाणी खालच्या झरीवरून डोक्यावर. सगुणने तिचा अर्ज लिहिला. वर्षभराने शेरा आला: 'घर सापडले नाही.'

"साहेबाक इंग्लिश येना, बाय," सगुण म्हणाला. "आता जरा आणखी जड लिहितंय."

दुसऱ्या अर्जात यॉन्डर दोनदा आलं. तोही वर्षाने तसाच परत आला. तिसऱ्यात त्याने तीनदा घातलं. शेवंती बिचारी मान डोलवायची. तिला वाटे, अर्जात समजण्यासारखं काही नाही म्हणजे तो नक्कीच चांगला असणार. आपल्याकडे हा समज फार जुना आहे आणि त्याच्यावर बरीच माणसं जगतात.

तिसरा अर्ज दिला त्याच दिवशी पाणीखात्याची नवी इंजिनीयर सुविधा कागद घेऊन स्वतःच झाडाखाली आली.

"बाब, ह्यां घर खंय आसा?"

"थंय!" सगुणने बसल्याजागीच हात उंचावून बोट रोखलं. रुबाबात कसूर नव्हती. फक्त बोट भलत्याच, साखळी गावाच्या दिशेला होतं. अठ्ठावीस वर्षांत तो कुणाचं घर बघायला या झाडाखालून उठला नव्हता.

शेवंती बाजूलाच उभी होती. तिने त्याचं मनगट धरलं आणि हात मयेच्या बाजूला फिरवला. मग सुविधाला म्हणाली, "तळ्याच्या बांधावरसून उजवीकडे वळा. चढ लागलो काय नववां घर. दारार नंबर आसा, एकशे बारा."

सुविधाने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "शब्द वायट नाय, बाब. पण कागदाक बोट नसता."

पंधरा दिवसांत नळ आला. सगुणला झालेला अपमान पचायला मात्र दोनच दिवस लागले होते. नळ आला त्या दिवसापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "मयेची ती शेवंती बघा. माझ्या अर्जान नळ इलो!"

शेवंती सुविधाला नारळ द्यायला आली होती, तिने हे ऐकलं. ती थांबली. डोक्यावरचा पदर बाजूला करून तिने चारचौघांत त्याच्यापुढे मान वाकवली. घागरीखाली चुंबळ ठेवून ठेवून टाळूवर तळहाताएवढी जागा केस झडून गुळगुळीत झाली होती.

"हो बघा," ती म्हणाली, "तुमच्या अर्जाचो शिक्को."

पदर सारखा करून ती कचेरीत गेली. सगुणने टाइपरायटरवर झाकण घातलं. रांगेतल्या चौघांना त्याने उद्या यायला सांगितलं.