चित्रात लंगडणारा पैलवान

स्वारगेटला गाडीत चढताना कंडक्टरने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून विचारलं, "एवढंच सामान?" एवढंच होतं. दोन जोड कपडे, एक हँडीकॅम आणि आमच्या संस्थेने नुकताच घेतलेला लॅपटॉप. भरलेल्या जेवणाच्या डब्याहून हलका आणि शाळेच्या पाटीहून थोडासाच जाड. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तरी असा लॅपटॉप पुण्यातही फारसा दिसत नसे. मी तो मांडीवर घेऊन बसले होते आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर लुब्ध होते.

मी फिजिओथेरपिस्ट. दुखावलेले सांधे पुन्हा चालते करणं हे माझं काम. निघाले होते कुंडलला, एका पैलवानाचा गुडघा बघायला. विलास त्याचं नाव. वर्षभरापूर्वी कुस्तीत गुडघा पिळवटला, तेव्हा त्याचे वस्ताद (कुस्ती शिकवणारे गुरू) त्याला आमच्याकडे पुण्याला घेऊन आले होते. मी सांगितलेले व्यायाम त्याने नेमाने केले. आता शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्ती होती आणि फौजेतले एक सुभेदार ती बघायला येणार होते. डाव चांगला झाला तर खेळाडू म्हणून भरतीची संधी होती. वस्तादांचा निरोप आला, "पोरगं तयार हाय. पर तुमी हू म्हणल्याबिगार मी त्याला उतरवणार न्हाई."

खंबाटकीचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली की हवाच बदलते. माघातली कोवळी थंडी, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, आणि दूरवर अजिंक्यतारा. साताऱ्यात मी एक दिवस थांबले. तिथल्या मैदानावर पहाटे पळायला येणाऱ्या मुलींचं मला चित्रण करायचं होतं. काय पळतात त्या पोरी! डोंगर चढून-उतरून आल्यावरही श्वास जागेवर. मी हावऱ्यासारखी चित्रण करत राहिले आणि दुपारी खोलीवर येऊन कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला जोडून सगळं त्यात उतरवून घेतलं. टेपवर एकेक क्षण थांबवून बघणं कठीण. लॅपटॉपवर मात्र पाऊल कसं पडतं, गुडघा किती वळतो, सगळं टिपून घेता येतं. संध्याकाळी कंदी पेढे घेतले आणि मशीनवर बेहद्द खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी उंब्रजला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाता खाता मी लॅपटॉप उघडला. शेजारच्या बाकावर सुट्टीवर आलेला एक जवान बसला होता. तो वाकून बघू लागला.

"ताई, ह्यात मावतं तरी काय काय?"

"सगळं," मी ऐटीत म्हटलं.

"लय भारी! आमच्या पेटीत तर दोन जर्सी बी मावत न्हाईत."

कऱ्हाडला गाडी बदलून कुंडलला पोचले. स्टँडवर वस्ताद स्वतः उभे होते. साठीच्या पुढचे, फौजेत पंधरा-वीस वर्षं काढलेले. पाठ अशी ताठ की पाठीत काठी बांधली असावी. पांढरं धोतर, हातात टोपी. ते टोपीनेच वारा घेत होते.

"तालमीत बायामाणसं येत न्हाईत, बाई," त्यांनी जरा अवघडून सांगितलं. "पर राग मानू नका. पोरं भाईर येत्याल. तुमच्यासाठनं अंगणात माती टाकलीय."

खरंच, तालमीच्या बाहेर लिंबाखाली लाल माती अंथरून, तिच्यात तेल, ताक आणि हळद घालून तिची मळणीसुद्धा झाली होती. त्या मातीचा वास मला आजही आठवतो. विलास आला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि जोडीदाराशी भिडला. पंचवीस वर्षांचा गडी. बोलायला लाजाळू, पण अंगात जोर असा की बघत राहावं. तो मातीवर चालला, वाकला, सरकला, गुडघ्यावर बसून उसळला. मला तर सगळं छान वाटलं. मी चित्रण केलं आणि तिथेच ओट्यावर बसून लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. भोवती दहा-बारा पैलवान कोंडाळं करून उभे राहिले.

पडद्यावर विलास दिसला. दोन पावलं नीट चालला आणि उजवा गुडघा झटका बसल्यासारखा हलला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा झटका. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. तोच झटका. डोळ्यांनी बघताना मला तो दिसला नव्हता. पण म्हणून तर यंत्र वापरायचं ना, डोळ्यांना न दिसणारं बघायला? गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा अस्थिबंध अजून कच्चा असेल तर असाच झटका बसतो.

मग विलास हळूच म्हणाला, "व्हय. मला बी कवा कवा तसं वाटायचं."

"आधी कधी बोलला नाहीस?"

"वाटायचं. पर आता दिसलं."

मी त्याचा गुडघा हाताने तपासला. घट्ट होता, कुठे ढिलेपणा नाही. हात एक सांगत होता आणि पडदा दुसरंच. मी म्हटलं, "मी आज सांगलीला मैत्रिणीकडे जातेय. तिथे हे नीट बघते आणि उद्या परत येते. तोवर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही." वस्तादांनी मान डोलावली. जत्रा परवा होती.

विलासच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी आणि वर तांब्याभर दूध. "आवं बाई, खावा की! पैलवानाच्या घरात कुणी चतकोर खाईत न्हाई." मी हसले, पण घास हातातच राहिला. कारण दारातून विलास आत आला तेव्हा तो उजवा पाय जपून टाकत होता. मघाशी त्याच पायावर तो उसळला होता. आता लंगडत होता. त्याच्या आईनेही ते बघितलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सांगलीपर्यंतचा रस्ता सुंदर आहे म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

शैलजा माझी कॉलेजातली मैत्रीण. घराच्या पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटरचे क्लास घेते. सकाळी चहा घेताना मी तिला चित्रण दाखवलं. पाचव्या-सहाव्या वेळेला बघताना माझी नजर गुडघ्यावरून उडाली. मागे वस्ताद उभे होते, टोपीने वारा घेत. विलासचा गुडघा हलला त्याच क्षणी वस्तादांची टोपीही झटक्याने एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. मधला प्रवास न करताच.

"शैला, टोपी बघ!"

शैलजाने बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "टोपीला कुठे गुडघा असतो? डिस्कमध्ये जागा किती उरलीय तुझ्या?"

मी बघितलं. जवळजवळ काहीच नव्हती. साताऱ्याच्या मुली आत ठाण मांडून बसल्या होत्या.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची मोठी आणि जोरात फिरणारी. तुझा लॅपटॉप नाजूक, म्हणून त्याच्यात बसवलेली डिस्कही नाजूक. जागा थोडी आणि फिरते हळू. एरवी तुला कळणारही नाही. पण चित्रण म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं, थांबत नाहीत. तू डिस्क गळ्यापर्यंत भरलीस, त्यामुळे सलग जागा सापडेना. जरा इथे लिही, जरा तिथे लिही. तेवढ्या धावपळीत चार-सहा चित्रं गळून पडतात, आणि पडद्यावर हलणारी गोष्ट झटका बसल्यासारखी दिसते."

"आणि हे ते सांगत नाही?"

"सांगतं की. कोपऱ्यात बारीक आकडा येतो, गळलेल्या चित्रांचा. वाचतं कोण?"

टेपवरचं मूळ चित्रण शाबूत होतं, हे नशीब. साताऱ्याच्या मुलींना केबल लावून शैलजाच्या मोठ्या डिस्कवर पाठवायला सुरुवात केली. त्याला दुपार होणार होती. तोवर शैलजा मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेली. आयर्विन पुलाखाली पाणी संथ होतं, बायका कपडे आपटत होत्या, आणि आम्ही पायऱ्यांवर बसून भडंग (मसाला लावून परतलेले चुरमुरे) खाल्लं. इतकं चविष्ट भडंग मी पुण्यात कधी खाल्लेलं नाही, आणि इतक्या मोकळ्या मनाने तर नाहीच. परत येऊन लॅपटॉपमधल्या विखुरलेल्या गोष्टी एका जागी लावणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसत होते. मग टेप पुन्हा उतरवून घेतली. विलास चालला, वाकला, उसळला. गुडघा तेल घातलेल्या बिजागरीसारखा फिरला. मागे टोपीही डौलात हलत होती.

उन्हं उतरायच्या आत मी कुंडलला होते. विलास ओट्यावर पाय लांब करून बसला होता. गुडघ्याला कुणीतरी हळदीचा लेप लावला होता. मी त्याला नवं चित्रण दाखवलं. त्याने बघितलं, आदराने मान हलवली आणि म्हणाला, "बाई, तुमी माज्यासाठनं लय केलंसा. पर हे तुमी सांगलीत दुरुस्त करून आणलंसा न्हवं?"

त्याचं तरी काय चुकत होतं? काल ज्या पडद्याने तो लंगडा आहे असं सांगितलं, तोच पडदा आज नाही म्हणत होता. टोपीचं सांगून बघितलं. त्याने ऐकून घेतलं, पण लेपावरचा हात काढला नाही.

मग मला सुचलं. "वस्ताद, तुम्ही जरा इकडून तिकडे चालता का?"

"मी? कशापायी?"

"चाला तर."

कॅमेरा थेट लॅपटॉपला जोडला. आणि त्याच वेळी त्याला दुसरं एक अवजड काम लावून दिलं, मोठ्या फाइलची नक्कल करायचं. आता त्या गरीब डिस्कला एका हाताने वाढायचं होतं आणि दुसऱ्या हाताने भांडी घासायची होती. वस्ताद फौजेतल्या चालीने अंगणभर चालून आले, छाती पुढे, पाठ ताठ. मी चित्रण लावलं.

पडद्यावर वस्ताद लंगडत होते. दोन पावलं, झटका. दोन पावलं, झटका.

कोंडाळ्यातला एक पैलवान ओरडला, "आरं गड्या, वस्ताद लंगडाय लागलं रं!" आणि सगळं अंगण हसायला लागलं. वस्तादांनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि गरजले, "ह्येला मी पलटणीत असतो तर गार्डात कोंडलं असतं! म्या लंगडतोय व्हय?"

दुसरं काम बंद करून मी त्यांना पुन्हा चालवलं. आता पडद्यावर ते सरळ, ताठ. विलास सगळ्यांत शेवटी हसायला लागला, पण लागला तेव्हा डोळ्यांतून पाणी येईतो हसला. मग उठून हौदावर (पाण्याच्या टाकीवर) गेला आणि पायाचा लेप खसाखसा धुऊन टाकला.

"उतरू दे का?" वस्तादांनी विचारलं.

"उतरू दे," मी म्हटलं.

जत्रेतल्या मैदानात बायकांना जागा नसते. वस्तादांनी कडेला एक ट्रॅक्टरची ट्रॉली लावून घेतली होती. तिच्यात मी आणि विलासची आई उभ्या राहिलो. हलगी कडाडत होती. समोरचा पैलवान विलासपेक्षा भारी होता. एकदा त्याने विलासला खाली ओढलं, तेव्हा आईने माझं मनगट असं धरलं की हाताला वळ उठले. विलास त्याच उजव्या पायावर जोर देऊन सुटला. कुस्ती फार वेळ चालली, कुणीच चीत होईना. शेवटी पंचांनी ती बरोबरीत सोडवली. सुभेदार वस्तादांपाशी येऊन म्हणाले, "पुढच्या भरतीला पाठवा ह्याला. मी बघतो." विलासच्या आईने ट्रॉलीतूनच माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी विलास मला स्टँडवर सोडायला आला. जत्रेची गर्दी होती. गाडी आत शिरली तशी माणसं धावली. विलासने माझी पिशवी एका खांद्यावर टाकली, चालत्या गाडीबरोबर पळाला, ती थांबताच चाकावर पाय देऊन उडी मारली आणि खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. मी धापा टाकत आत शिरले, जागेवर बसले, पिशवी घेतली. तो खाली उभा राहून हात हलवत होता.

गाडी कऱ्हाडच्या रस्त्याला लागली, उसाच्या बैलगाड्या मागे पडू लागल्या. लॅपटॉप मांडीवर होता, तसाच हलका, तसाच देखणा. माझं त्याच्यावरचं प्रेम कमी झालं नव्हतं. फक्त आता त्याला किती पेलतं हे मला माहीत होतं, आणि कोपऱ्यातला बारीक आकडा मी यापुढे वाचणार होते. बराच वेळ खिडकीतून बघत बसले, आणि मग एकदम ध्यानात आलं. विलास गाडीबरोबर पळाला, चाकावरून उसळला, हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्याच्या गुडघ्याकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.