देवाजीची खुडूक कोंबडी

मोबाइलवर देवाजीचं नाव दिसलं आणि हॅलो वगैरे काही न म्हणता मी विचारलं, "काय बे, देलं का तिनं अंडं?" पलीकडे कोणी बोलेना. मला वाटलं, नसेल दिलं. आमचे फोन महिनोन्‌महिने त्या एका कोंबडीवरच चालत. मग बाईचा आवाज आला. "काका, मी वर्षा बोलून राहिली. बाबा... चले गए. सकाळी उठलेच नाही." ही देवाजीची मुलगी, बंगलोरहून चार दिवसांसाठी आलेली. चुकीच्या वेळी चुकीचं बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी मी स्वतःलाही मागे टाकलं. दीड महिना झाला. अजून फोन उचलताना आधी तोंड मिटून घेतो.

आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, नोकरीसाठी भिलाईत आलो ते इथलेच झालो. स्टील प्लांटमध्ये तो क्रेनवर, मी स्टोअरमध्ये. म्हणजे तो वर जागा असायचा आणि मी खाली डुलक्या काढायचो. रिटायर झाल्यावर त्यानं हुडको वसाहतीत लहानसं घर घेतलं. वहिनींनी मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या. वहिनी गेल्या, पाठोपाठ मुंगसानं तीन कोंबड्या नेल्या, आणि घरात देवाजी आणि एक तांबडी कोंबडी एवढेच उरले. मी रोज संध्याकाळी जायचो. बोलायचो मी, तो ऐकायचा, किंवा मला तसं वाटायचं.

एका मार्चमध्ये ही तांबडी खुडूक बसली. अंगणात पडलेल्या जुन्या कूलरच्या पेटीत, त्याच्याच गवतावर, पोटाखाली काहीही नसताना. हात लावला की फुगायची आणि चोच मारायची. मी म्हणालो, "बादलीत बुचकळून काढ दोन दिवस. उठते का नाई पाय."

"कावून?" देवाजी म्हणाला. "बसली तं बसू दे. तिले पिल्ले पायजेत, पानी नाई."

आता कोंबडा नाही, तर पिल्लं कुठून येणार? पण माझं तोंड. "अंडे मी आनतो. माहं लहानपन कोंबड्यांतच गेलं," असं मी ठोकून दिलं. खरं म्हणजे माझं लहानपण कोंबड्यांना भिण्यात गेलं. दुकानातून गावरान म्हणून दहा तपकिरी अंडी आणली. देवाजीनं ती एकेक करून तिच्याखाली सरकवली आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला. त्या एकवीस दिवसांत त्याचा पंखाही कमी फिरला; आवाजानं ती दचकेल म्हणून. वर्षाला फोनवर सांगायचा, "यायची घाई नको करू. घरी पाहुने येऊन राहिले."

एकविसावा गेला. चोविसाव्या दिवशी एक अंडं फुटलं आणि वासानं शेजारची बाई भांडायला आली. कुम्हारीला कोंबड्यांची पिल्लं विकणारा एक माणूस आहे, त्याला मी उरलेली अंडी दाखवली. त्यानं ओल्या बोटानं एक घासलं. बोट तपकिरी झालं. "चाचा, ये तो फार्म का सफेद अंडा है, चाय के पानी में रंगा हुआ. इसमें चूजा कहाँ से आएगा?"

देवाजी चिडला नाही. चिडला असता तर बरं होतं. तांबडीचा तुरा फिका पडला होता, उचलली तर हातात नुसती पिसं. ती अशीच बसून राहिली तर जाईल, हे दिसतच होतं. आणि तिला रिकामी उठवायला देवाजी तयार नव्हता. "तिनं आपलं काम केलं, मनोहर," एवढंच म्हणाला. "आपुन फसवलं तिले."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर आम्ही कुम्हारीला गेलो. एक दिवसाची आठ पिल्लं. विकणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं की अंधार पडू द्या, मग अंडी काढा आणि मागून हळूच पिल्लं सरकवा. उजेडात तिनं पाहिलं तर परकी म्हणून मारेल. पण मला धीर कुठला? देवाजी पाणी आणायला आत गेला आणि मी एक पिल्लू थेट तिच्या तोंडासमोर ठेवलं, म्हटलं ओळख करून द्यावी. तिनं चोच हाणली. पिल्लाच्या डोक्यावर रक्ताचा ठिपका. देवाजीनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "तू घरी जाय बे. आत्ताच्या आत्ता."

मी गेलो. रात्रभर मला ते पिल्लू दिसत होतं. सकाळी पोचलो तर कूलरवर पोतं टाकलेलं आणि त्याला टेकून देवाजी जमिनीवर बसलेला. त्यानं हातानंच खूण केली, ऐक. आतून खालच्या पट्टीत क्लुक क्लुक चाललं होतं, मधूनमधून चिवचिव.

"आठही घेतले?"

"आठही. तुह्या त्या डोकंफुट्यालेही." मग म्हणाला, "घरात कोनीतरी बोलून राहिलं, मनोहर."

वहिनी गेल्यापासून मी दोन वर्षं रोज तासभर तोंड चालवत होतो, ते बहुधा यात धरलेलं नव्हतं. पण मीही त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि ऐकू लागलो.

देवाजीचे दिवस झाले आणि वर्षा बंगलोरला परत गेली. ती पिल्लं मोठी होऊन कधीच वाटली गेली होती; तांबडी अंगणात होती. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे कोंबडी कशी नेणार? म्हणून किल्ली माझ्याकडे. दोन वेळा जाऊन दाणे टाकतो, पाणी बदलतो. मागच्या महिन्यात ती पुन्हा खुडूक बसली. या वेळी शहाणपणा केला नाही. आठ दिवस बसू दिलं आणि सरळ कुम्हारी गाठली. विकणाऱ्यानं माझ्या मागे पाहिलं. "वो दूसरे चाचा नहीं आए?"

"घर पे हैं," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

त्यानं सहा पिल्लं मोजली आणि सातवं वर टाकलं. "उन चाचा को बोलना, एक मेरी तरफ से."

हुडकोत पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कुलूप काढलं. खोलीत त्याची खाट, खाटेवर घडी घातलेली चादर, वर्षानं घातलेली. अंधार पुरता पडायला अजून वेळ होता. मी खोका खाली ठेवला. निरोप घेऊन आलो होतो, तो पोचवायला तर हवाच.

"देवाजी, त्यानं एक जास्तीचं देलं बे," मी मोठ्यानं म्हणालो, आणि अंधार पडेपर्यंत खोक्यातली चिवचिव ऐकत दारातच बसलो.