परण्यात गेलेला एसी

आमच्याकडे नवरदेवाला गाडी नाही म्हणत नाहीत. लग्नाआधी परण्या निघतो, नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, आणि त्यासाठी कुणाची तरी गाडी फुलांनी मढवावी लागते. या उन्हाळ्यात ती माझी होती. नवरदेव माझा मामेभाऊ, म्हणून मी चावी तर दिलीच, वर गाडी धुऊनही दिली. लग्न उरकल्यावर मामा गाडी घेऊन आले. काचेवर चिकटपट्टीचे डाग, सीटखाली अक्षता. ऑपरेशनमुळे आईला लग्नाला जाता आलं नव्हतं. मामा बुंदीचा डबा घेऊन तिच्याजवळ घटकाभर बसले आणि गेले.

दोन दिवसांनी आईला ड्रेसिंगसाठी सोनपेठहून परभणीला न्यायचं होतं. पोटाचे टाके ताजे. डॉक्टरांनी बजावलं होतं, घामात ठेवू नका, जखम चिघळेल. मी एसीचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि चुलीसमोर बसल्यासारखी झळ तोंडावर आली. काचा खाली केल्या तर धूळ, वर केल्या तर भट्टी. आईने पदर ओला करून डोक्यावर घेतला. वाटेत ओकली. पण तोंडातून एक शब्द काढला नाही. मी मात्र गाडी बनवणाऱ्यापासून सूर्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. दवाखान्यात डॉक्टर मलाच रागावले, कारण एक टाका चिघळला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आतच निदान केलं, "गॅस संपलाय मॅडम." गॅस भरला, हवा गरमच. मग म्हणे कॉम्प्रेसर गेला, नवा मागवावा लागंल.

"अहो, तो सुरू होताना टक् असा आवाज येतो, तोच येत नाही. वीज पोचते का ते तरी बघा!"

"तुमी शाळा शिकवा मॅडम. गाडीचं आमच्यावर सोडा."

माझं डोकंच फिरलं. गाडी सरळ घरी आणली आणि लिंबाच्या सावलीत स्वतः बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून पाहिलं. कॉम्प्रेसरचं चाक पट्ट्याबरोबर फिरत होतं, पण त्याच्या तोंडावरची तबकडी जागची हलत नव्हती, म्हणजे तिला वीजच पोचत नव्हती. गाडी बंद करून फ्यूज काढला, तर तो चांगला. राहिला रिले, म्हणजे बटण दाबल्यावर पुढे वीज सोडणारी छोटी काळी डबी. कोणती डबी कशाची, ते झाकणाच्या आतच छापलेलं असतं. एसीची उपटली तर तिच्यावर पिवळं बोट उमटलेलं. हळद! शेजारची हॉर्नची डबी हुबेहूब तशीच, तिच्यावरही हळद. दोन्हींची अदलाबदल केली आणि गाडी सुरू केली. टक् झालं, तबकडी फिरली, आत गार हवा आली. हॉर्न दाबून पाहिला, तर तो मुका.

तिथूनच मामांना फोन लावला.

"अगं, परण्या निघाल्ता अन् हॉर्नच बंद पडला. पोरांनी लय दाबला. नवरदेव काय मुक्यानं न्यायचा मारुतीला? डब्या सारख्याच दिसायल्या, एसीची काढून हॉर्नला लावली."

"मग सांगायला काय झालं होतं? माझ्या आईचा जीव जात होता वाटेत!"

"सांगितलं की. गाडी आणली तव्हाच आक्काला सांगितलं."

मी फोन बंद केला. आक्का म्हणजे माझी आई. ती ओसरीवर बसून सगळं ऐकत होती.

"तुला माहीत होतं?"

"हां."

"आणि तरी त्या भट्टीत बसलीस? ओकलीस? टाका चिघळला तुझा!" मी ओरडतच सुटले. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तरी थांबले नाही.

शेवटी माझा दम संपला. मग आई पोटावर हात धरून जरा सावरली.

"त्याच्या पोराची हळद फिटायच्या आत तू त्याच्या दारात जाऊन भांडली असतीस," ती म्हणाली. "एकच भाऊ हाय मला. ऊन काय, सोसलं. उनापेक्षा तुज्या तोंडाचं भ्या वाटलं."