हिरव्या कापडातले वीस पैसे

माझ्याकडे नाण्यांचा एक अल्बम आहे, अगदी पूर्ण. कुणी बघायला मागितला की मी सांगते, कपाटाची किल्ली सापडत नाही. त्या कपाटाला किल्ली कधी नव्हतीच. इतकी वर्षं हीच थाप मारतेय आणि घरचेही आता काही बोलत नाहीत.

लग्न होऊन भिवंडीत आले, पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायला लागले, त्याच वर्षी हे वेड लागलं. नवे पैसे सुरू झाले तेव्हापासूनचं प्रत्येक किमतीचं, प्रत्येक सालाचं, प्रत्येक टांकसाळीचं नाणं मिळवायचं. सालाखाली टिंबासारखी खूण असली की मुंबईचं, चांदणी असली की हैदराबादचं, काहीच नसलं की कलकत्त्याचं. खिडकीवर आलेलं नाणं पसंत पडलं की पर्समधलं दुसरं गल्ल्यात टाकायचं आणि ते घरी न्यायचं. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बायका सोनं मागतात, आमची सुटे मागते!"

नव्वद सालापर्यंत सगळे कप्पे भरले. एकच राहिला. कमळाचं चित्र असलेलं पितळी वीस पैशांचं नाणं, एका सालाचं, चांदणीवालं. साल सांगत नाही, जाणकार हसतील. काही फार दुर्मीळ नव्हतं मेलं. पण त्या पितळेत सोनं आहे अशी तेव्हा घरोघरी समजूत, त्यामुळे बायकांनी ती नाणी देवघरात नाहीतर डब्यात दडवलेली. अकलोलीला गरम कुंडावर गेलो तेव्हा मी आंघोळ सोडून हारवालीची चिल्लर चाळत बसले होते. शेजारच्या चाचीपाशी तर रोजची माझी रड, "चाची, एक चांदणी मिळेना हो!"

चाची कोकणी मुसलमान, कितीतरी पिढ्या इथल्याच. तिचा नवरा वारला होता, मुलगा कुवेतला ड्रायव्हर, घरात ती आणि सून. मागच्या गल्लीतल्या लूमच्या खटखटीत आम्ही दोन घरं भिंतीपल्याडून ओरडून बोलायचो. तिला दिसायचं कमी, म्हणून सुई मी ओवून द्यायची आणि मुलाची पत्रं सून वाचून दाखवायची.

त्या ऑगस्टात कुवेतवर इराकचं सैन्य चालून आलं. पत्रं बंद, फोन बंद. चाची दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी हिरव्या कापडाचा तुकडा आणि एक नाणं घेऊन माझ्याकडे आली. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला त्यांच्यात असं नाणं कापडात बांधतात, सुखरूप पोचला की खैरात करतात. मुलगा समोर नव्हता, म्हणून ती ते त्याच्या पेटीच्या कडीला बांधणार होती. तो घरी आला की सोडायचं.

"शीव गो पोरी. माझ्या हातानं टाका सरळ पडत न्हाय."

मी नाणं हातात घेतलं. पितळी, कमळाचं. उलटं करून सालाखाली बघितलं आणि माझे कान गरम झाले. चांदणी होती.

"दोरा घरात आहे, शिवून आणते," म्हणाले. घरात गेले, अल्बम काढला, त्याच सालाचं बिनचांदणीचं जास्तीचं नाणं घेतलं, ते कापडात घालून बारीक टाक्यांनी शिवलं आणि तिचं रिकाम्या कप्प्यात सरकवलं. पाच मिनिटांचं काम. माझा हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खोटं कशाला बोलू? हात अजिबात थरथरला नाही. वीस पैशांच्या बदल्यात वीस पैसेच दिले, तिचं काय अडलं, असंच मनाशी म्हटलं. आणि तो भरलेला कप्पा बघून जो आनंद झाला ना, तसा मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. यांनी संध्याकाळी पेढे आणले. त्यातले चार मी, कशाचे ते न सांगता, चाचीकडे नेऊन दिले. लाज विकून खाल्ली होती, दुसरं काय!

मग सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. मी पोस्टातून आले की चाची दारात. "पोरी, कागद आला काय?" मी म्हणायची, "नाही हो चाची." सून तिच्या मागे उभी असायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. लोक म्हणायचे, तिकडे माणसं वाळवंटातून चालत निघालीत. नाण्याने कुणी वाचत नाही की मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा आठवड्याभरात अन्न गोड लागेना. तिने मुलाच्या जिवासाठी जे हातात दिलं ते मी काढून घेतलं होतं, आणि ती मलाच येऊन त्याची खबर विचारत होती.

एकदा धीर करून म्हणाले, "चाची, ते द्या जरा, शिवण कच्ची राहिलीय. परत घालून देते."

"आता न्हाय गो. बांधलेलं तो येईस्तोवर सोडायचं न्हाय."

खरं सांगायची ती वेळ होती. मी "बरं" म्हणून भाजी निवडायला बसले.

दीड महिन्याने तो आला. काळवंडलेला, वाळलेला, हातात एक पिशवी. चाचीची किंकाळी ऐकून गल्लीतले लूमवालेसुद्धा बाहेर आले. मी भिंतीला टेकून रडले. सगळ्यांना वाटलं, शेजारीण किती जीव लावते!

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचीने मला बोलावलं. "तू शिवलास, तूच उसव."

मी कातरीने टाके काढले. फकिराला तिने सकाळीच पैसे आणि तांदूळ दिले होते. नाणं तिने चाचपून उचललं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं.

"हा तुझा. तुला एक कमी हाय न्हवं? डब्यात सापडला तवा सुनेला बघायला सांगितलं. ती बोलली, चांदणी हाय. म्हटलं, जे दुसऱ्याला द्यायचं कबूल केलंय तेच बांधावं, अल्ला कबूल करील."

सून जवळ आली. कौतुकाने नाणं उचलून तिने उजेडात धरलं, सालाखाली अंगठा घासला, पुन्हा बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे चांगले होते.

तिने नाणं माझ्या हातात परत ठेवलं, माझी बोटं त्यावर मिटवली आणि चहा टाकायला आत गेली.

चाची हसत होती. "आता झालं ना तुझं पुरं?"

"झालं, चाची," मी म्हणाले.